इरासील्दाच्या नंबरावरची औषधं

दोना इरासील्दाचा, म्हणजे इरासील्दाबाईचा, अकरा आकडी सरकारी नंबर तिच्या गल्लीत कुणालाही झोपेतून उठवून विचारला असता, तरी त्यानं घडाघडा म्हणून दाखवला असता. कारण साधं होतं. कोपऱ्यावरच्या ‘बों आलिव्हियो’ या औषधांच्या दुकानात पैसे घेणारी मुलगी मान वर न करता ‘सेपेएफे?’ एवढंच विचारायची. जो नंबर सांगाल त्यावर आजवर किती खरेदी झालीय ते बघून मशीन सवलत ठरवायचं. इरासील्दाचं खातं दुकान उघडलं त्या आठवड्यातलं. तिला शंभरातले चाळीस सुटत, नव्या गिऱ्हाइकाला पाच. मग शहाण्या माणसानं कोणता नंबर सांगावा?

रीत एवढीच होती की रस्त्यात भेट झाली की सांगून टाकायचं. “दोना, काल तुमच्या नंबरावर खोकल्याचं घेतलं हं.” सेऊ जेनिव्हाल्दो, समोरच्या घरातला टायरवाला, दर दुसऱ्या शनिवारी ‘डोकेदुखीचं’ घ्यायचा आणि सांगताना तिच्या चपलांकडे बघायचा. इरासील्दा म्हणायची, “घ्या, घ्या. सगळी गल्ली बरी झाली की दुकान माझ्या नावावर करून देतील.” या मोठेपणाची तिला थोडी चटकही होती. कांपिना ग्रांजीसारख्या शहरात शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एकट्या बाईला फुकटात मिळणारा मान तो केवढा.

ऑक्टोबरात दुकानाच्या कंपनीची सगळी माहिती कुणीतरी चोरली. कंपनीनं पत्र पाठवलं की आपला विश्वास हीच आमची ठेव आहे. पत्र येईतो कुठल्याशा संकेतस्थळावर नंबर टाकला की त्या माणसानं सात वर्षांत काय काय औषधं घेतली ते दिसायला लागलं होतं. आणि इरासील्दाचा नंबर तर एकोणीस वर्षं ती दर पालकाला देत असलेल्या करारपत्रावर, तिच्या सहीच्या वरच छापलेला.

जेनिव्हाल्दोच्या बायकोनं, वाल्दिरेनीनं, तो सहज टाकून पाहिला. नऊ पानं निघाली. झोपेच्या गोळ्या, उवांचं औषध, पुरुषांच्या निळ्या गोळ्या, आणि सहा वर्षं दर महिन्याला न चुकता फेफऱ्याचं औषध. तिनं पानं पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, “ही बाई आपली लेकरं घेऊन चौकातून गाडी चालवते.”

निळ्या गोळ्यांवर लोक हसले. फेफऱ्यावर कुणी हसलं नाही. इरासील्दाच्या व्हॅनमध्ये चौदा मुलं होती. डिसेंबरात पुढच्या वर्षाची करारपत्रं सही होऊन परत आली ती तीनच.

ती मेंदूच्या डॉक्टरकडे गेली, डोक्याला तारा लावून घेतल्या, ‘निरोगी’ असं लिहून आणलं आणि ग्रुपवर टाकलं. एकानं अंगठा दाखवला. दुसरीनं लिहिलं, “चिठ्ठी काय, कुणीही देतं.”

मग तिनं कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं गिटार ऐकवून बाई म्हणाली, “तक्रार नोंदवायची तर आपला सेपेएफे सांगा.”

“तोच तर चोरीला गेलाय.”

“हो दोना, पण त्याशिवाय संगणकावर पुढची खिडकी उघडत नाही.”

ग्राहकांच्या कार्यालयात फॉर्म मिळाला, त्यातला पहिला चौकोन नंबराचा. कायदा शिकवणाऱ्या कॉलेजात फुकट सल्ला मिळतो म्हणून गेली, तर दारावरच्या वहीतसुद्धा नावाआधी नंबर. इरासील्दानं पेन आपटलं. “लिहा बाबांनो. आता लपवायचं काय राहिलंय त्यात.”

आत मार्लूसी बसली होती, वकिलांना म्हणतात तशी दोतोरा मार्लूसी. पन्नाशीची वकील, चष्मा दोरीला, बोलणं रोखठोक. तिनं बोटांवर वाटा मोजल्या. “एक. तुमच्याबद्दल त्यांच्याकडे काय काय आहे ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, द्यावंच लागतं. दोन. राजधानीत यासाठी सरकारी कचेरी आहे, तिथं तक्रार. कंपनीला दंड होईल कदाचित, तुमच्या हातात काही येणार नाही. तीन. छोट्या दाव्यांचं न्यायालय. फी नाही.”

“आणि तिथं काय मिळतं?”

“नुसतं नाव-पत्ता फुटला तर न्यायाधीश विचारतात, तुमचं बिघडलं काय? पण आजाराची माहिती कायद्यानं नाजूक धरलीय. शिवाय अकरा मुलं गेली हे कागदावर आहे. आपली बाजू भक्कम आहे, दोना.”

“आजार कुणाचा?”

“तुमचा.”

“मला फेफरंच नाही ना, दोतोरा.”

मार्लूसीनं चष्मा काढला. इरासील्दानं पिशवीतून नऊ पानं काढून टेबलावर ठेवली. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. आठवडाभर बसून तिनं एकेक ओळ कुणाची ते लावलं होतं. पाद्रीबाबांची झोप, बेकरीवालीच्या पोराच्या उवा, शनिवारची डोकेदुखी. एकोणीस वर्षं दारोदार हॉर्न वाजवणाऱ्या बाईला कुठल्या घरात काय शिजतं ते कळतं, काय गिळतात तेही कळतं.

“तुम्ही नंबर गल्लीला वापरायला दिलात,” मार्लूसी हळू म्हणाली.

“तुम्ही देत नाही?”

मार्लूसीनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, “हरकत नाही. फेफऱ्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी दुकान ठेवून घेतं. तिच्यावर रोग्याचं नाव असतं. त्या चिठ्ठ्या मागवू. एका बैठकीत तुमचं नाव धुऊन निघेल.”

घरी आली तर एदिलेउझा दारातच उभी, हातात मान्योकाच्या कंदाचा केक, अजून गरम. एदिलेउझा म्हणजे तिची कोमाद्रे. तिच्या लेकीला, जुसाराला, इरासील्दानं बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये हातावर घेतलं होतं. त्यामुळे दोघींचं नातं सख्ख्यापेक्षा घट्ट आणि भांडणही तसंच.

“चिठ्ठ्या मागवणार म्हणे,” एदिलेउझा म्हणाली.

“कोण म्हणे?”

“सगळे म्हणे. कोमाद्रे, जुसारा पाळणाघरात कामाला आहे. फॉर्मवर आजाराच्या जागी तिनं रेघ मारलीय. सहा वर्षांत एकदाही झटका नाही तिला. पण नाव बाहेर आलं तर उद्या काढतील.”

“आणि मला काढलं ते?”

“तुला झटके येत नाहीत. तुला सिद्ध करता येईल. तिला येणार नाही.”

“सहा वर्षं माझ्या नंबरावर गोळ्या घेतल्यास. तेव्हा नव्हती भीती?”

“चाळीस टक्के होते गं,” एदिलेउझा म्हणाली आणि खरोखरच रडायला लागली.

इरासील्दानं केक घेतला, दार लावलं आणि अर्धा केक उभ्यानंच खाल्ला. राग आला की तिला भूक लागे.

जानेवारीअखेर सुनावणी झाली. न्यायाधीशबाई समोर, मार्लूसी शेजारी, आणि कंपनीचा वकील भिंतीवरच्या पडद्यात, दोन हजार किलोमीटरवरून. मधूनमधून त्याचं तोंड उघडं राहून गोठायचं, आणि तेवढ्यापुरता तो बरा वाटायचा.

“साधा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “ही औषधं दोना इरासील्दांची आहेत का? असतील तर पालकांना काळजी वाटली यात त्यांचं चुकलं काय? नसतील तर फुटलेली माहिती त्यांची नाहीच. मग त्या कशाची भरपाई मागतायत? आणि नंबर दुसऱ्यांना वापरायला देणं आमच्या नियमांत बसत नाही.”

“तुमची गल्ल्यावरची मुलगी कधी विचारायची का, नंबर तुमचाच ना म्हणून?” इरासील्दा म्हणाली.

“दोना, तुम्ही माझ्याशी बोला,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “औषधं तुमची आहेत का?”

मार्लूसीनं कागद पुढे सरकवला. चिठ्ठ्या मागवण्याचा अर्ज तयार होता. इरासील्दानं त्यावर हात ठेवला.

“बाईसाहेब, रक्तदाबाची तेवढी माझी, त्यांची चिठ्ठी दुकान ठेवून घेत नाही. बाकीचं कुणाचं ते मी सांगणार नाही. चिठ्ठ्याही इथं आणू नका, त्यांवर नावं आहेत. यांना एकच विचारा. यांच्या खणात ठेवलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांमध्ये माझं नाव असलेल्या किती? आकडा सांगायचा. नाव एकही सांगायचं नाही.”

पडदा गोठला. या वेळी तोंड मिटलेलं होतं.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. कंपनीनं दहा दिवसांत आकडा द्यावा. भरपाईचं मग बघू. पुढची तारीख, एकोणीस मे.

“मे?” इरासील्दा बाहेर आल्यावर म्हणाली. “शाळा पंधरा दिवसांत उघडतेय. मेपर्यंत व्हॅनमध्ये काय, अननस भरू?”

“चिठ्ठ्या मागवल्या असत्यात तर लवकर आटपलं असतं,” मार्लूसी म्हणाली. “आणि रक्कम मोठी मिळाली असती. आता मिळेल याची मी खात्री देत नाही.”

“माहितीय, दोतोरा. मला मोजता येतं.”

दहाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, दोन पानांचं. पहिल्या दीड पानात विश्वास आणि ठेव. शेवटी एक ओळ. सदर ग्राहकाच्या नावे दुकानात ठेवलेल्या चिठ्ठ्या: शून्य.

इरासील्दानं त्या ओळीचा फोटो ग्रुपवर टाकला. मग वाल्दिरेनीचं आलं. “चिठ्ठी लागत नाही त्यांचं काय? त्या निळ्या गोळ्या कुणाच्या मग? एवढी वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी? जरा कळू दे की.”

इरासील्दा खुर्चीत बसली आणि तिनं लिहिलं, ‘शनिवारी तुमच्याकडे कुणाचं डोकं दुखतं, बघा.’ वाचलं. छान जमलं होतं. साडेतीन महिन्यांत एवढं बरं वाटणारी दुसरी गोष्ट घडली नव्हती. अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला, तिथंच ठेवला, आणि मग एकेक अक्षर करत सगळं पुसलं. जुसाराचं झाकायचं आणि जेनिव्हाल्दोचं उघडायचं, असा हिशेब तिला लावता येईना. याचा तिला स्वतःचाच संताप आला. फोन तिनं तांदळाच्या डब्यात टाकला.

शाळा उघडली त्या सोमवारी सकाळी सव्वासहाला ती व्हॅन काढत होती तेव्हा समोरचं दार उघडलं. जेनिव्हाल्दो स्वतः मुलीचं दप्तर घेऊन आला. त्यानं मुलीला आत बसवलं, पट्टा लावला आणि घडी केलेलं करारपत्र पुढे धरलं. सही झालेली, वर्षभराची.

“वाल्दिरेनीला चालतंय?” इरासील्दानं विचारलं.

“मी तिला सांगितलंय, पोरगी व्हॅननंच जाईल.” तो तिच्या चपलांकडे बघत होता. “ग्रुपवर वाचलं मी. म्हणजे, तुम्ही काही लिहिलं नाहीत ते वाचलं.”

“डोकं कसं आहे, सेऊ जेनिव्हाल्दो?”

“बरंय, दोना.”

“जपा. आता स्वतःच्या नंबरावर पाचच सुटतील.”

व्हॅनच्या यादीत चार मुलं झाली. चौदातली चार. इरासील्दानं गियर टाकला. बेकरीवालीच्या दारापाशी येताच सवयीनं तिचा हात हॉर्नवर गेला आणि हॉर्न वाजलाही. खिडकीचा पडदा हलला. आतून पोरगा बाहेर बघत होता, गणवेश घातलेला, भांग पाडलेला. मागून कुणीतरी पडदा ओढून घेतला. ती थोडी थांबली, नेहमी थांबायची तेवढीच, आणि मग गाडी पुढे घेतली.