बोलण्याचे गुण

नर्सिंगच्या सरावखोलीत मॅडमनी पलंगावरच्या पुतळ्याला चादर पांघरली आणि म्हणाल्या, "हे आजोबा आता वाचायचे नाहीत. हे कुणाला, कसं सांगाल? आधी आपापल्या भाषेत लिहा. मग परक्या देशातल्या जोडीदाराला समजवा. वर्गाला सांगायचं ते जोडीदारानं."

सहा देशांची पोरं. क्षणात गलका झाला, तोच विभागप्रमुख दारात उभे. एकेकाळी मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"वर्ग आहे की बाजार?" ते हळूच म्हणाले. "जो हात वर करून बोलेल त्यालाच बोलण्याचे गुण, हा नियम आहे. मागच्या बाकावरची ती मुलगी वर्षभर तोंड उघडत नाही. तिला शून्य दे."

"नाही देणार, सर." सर दाराशीच थांबले.

त्या मुलीचा जोडीदार, एक उंचापुरा मुलगा, बोलायला उभा राहिला. "हिच्याकडे ही बातमी आधी घरातल्या थोरल्या मुलाला सांगतात."

"खोटं!" मागून आवाज आला. मुलगी ताडकन उठली होती. "थोरला चार दिवसांनी येतो, पाहुण्यासारखा! आधी सांगायचं ते रोज उशाशी बसणाऱ्याला. नीट ऐकलंच नाहीस तू!"

"आमच्यात पेशंटलाच सांगतात," दुसरीकडून कुणी म्हणालं, आणि जी जुंपली ती जुंपलीच. पुस्तकातलं उत्तर एकच होतं. इथे उत्तरांचे कागद चिकटवून भिंत भरली तरी ती संपेनात.

"बोलली की!" तास संपल्यावर सर मॅडमना बाहेर गाठून म्हणाले. "मग हात वर करायला काय जातं?"

"हात वर करून नाही बोलली, सर. राग आला म्हणून बोलली. तो राग यावा म्हणूनच मी शिकवते."

"नियम पाळायचा नसेल तर हा विषय सोड."

"काढून घ्या. शून्य माझ्या हातून पडणार नाही."

सरांनी विषय खरंच काढून घेतला. मॅडमच्या वाट्याला पहिल्या वर्षाचं मलमपट्टीचं काम आलं.

"काय मिळवलंस?" नवऱ्यानं जेवताना विचारलं.

"झोप," त्या म्हणाल्या, आणि पोटभर जेवल्या.

सोमवारी त्यांनी नव्या वर्गात पट्ट्यांची गुंडाळी टेबलावर ठेवली. "तुमच्या घरी जखम कोण बांधतं? आधी बाकावरच्या शेजाऱ्याला सांगा." बाहेर सरांची पावलं थबकली. मॅडमनी उठून दार सताड उघडलं, आणि वर्गाला म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला."