केवणीचा दोर आणि बिडाचा तवा

मित्रांनो, आमोणे गावातल्या फणसाच्या लाकडाची मी एक जुनी माटोळी आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला टांगतात, ती उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट. माझ्या अंगात एकही खिळा नव्हता. सुताराने खाचेत खाच बसवली होती. चवथ आली की रानातल्या केवणीच्या ओल्या सालीचे दोर आणून माझ्यावर नारळ, सुपारीचे घड, चिबूड, आंब्याच्या पानांचे टाळे बांधत. पाच दिवस मी मिरवायचे आणि उरलेलं वर्ष माळ्यावर धूळ खात पडायचे. माझी काही तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पद्मावतीआजी मुलगा रुद्रेश आणि सून गौरवीबरोबर डिचोलीच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आली. येताना तिने मला आणलं. तिथे माळाच नव्हता. दाराआड ठेवलं, तर दार पुरतं उघडेना. गौरवीला माझा वैताग आला, पण बाई डोकेबाज. स्वयंपाकघराच्या भिंती भरल्या होत्या, छत रिकामं होतं.

"आई, हिला छताला टांगूया. आकडे मारले की भांडी वर राहतील."

"टांग गो. पण देवाच्या लाकडाक लोखंड लावू नको हां. केवणीन बांध," आजी म्हणाली.

झालं! कढया, तवे, कांद्यांची टोपली, नात सेजलचं दप्तरसुद्धा माझ्यावर आलं. शेजारणी बघायला येऊ लागल्या, एकीने तर फोटो काढून नेला. खरं सांगते, मी फुगून गेले होते.

मग सगळ्यांना माझी सवय झाली. जे ठेवायला जागा नाही, ते माझ्यावर. छत्र्या आल्या, हेल्मेट आलं. दोर वाळून कुरकुरत होते. मला ऐकू येत होतं, पण मला तोंड कुठे?

एका सकाळी बिडाचा तवा सुटला आणि सेजलच्या पाटापुढे आदळला. फरशी फुटली. पोर वीतभर अंतराने वाचली.

गौरवी ओरडली, "आजच हिचं सरपण करते!" तिने कोयता काढला. रुद्रेश खुर्चीवर चढून मला सोडवू लागला. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

आजी पुढे आली. सुनेपुढे कधी नमतं न घेतलेली बाई ती. तव्याच्या कानाला राहिलेला दोर तिने बोटांत चुरडला. त्याचा भुगा झाला.

"केवण पाच दिसांची गो. वर्सभर तिच्यार वजन टांगूक मीच सांगितलंय. चूक माझी, हिची नाय." मग मुलाकडे वळली. "रुद्रेश, आकडे हाड."

त्याने आकडे आणले. ते कुठे मारायचे हे तिनेच बोट लावून दाखवलं. पहिलं लोखंड अंगात शिरलं तेव्हा दुखलं. पण छत्र्या आणि हेल्मेट खाली गेले आणि अंग हलकं झालं.

यंदा चवथीला भांडी उतरली, ओली केवण आली. आजी नारळ हातात घेऊन एका आकड्यापुढे जरा थांबली, मग त्यालाच बांधला. पाच दिवसांनी तवाही तिनेच परत अडकवला.

मित्रांनो, लहान घरात आमच्यासारख्या जुन्यांना खुशाल कामाला लावा, आम्हाला त्यात आनंदच आहे. फक्त अधूनमधून मान वर करून बघत जा. सेजल बघते. रोज एकेक आकडा हलवते आणि मगच पाटावर बसते.