ठमी विकणे आहे

ठमी म्हणजे गाडी. दोन सीटांची, छप्पर मागे दुमडणारी, गडद हिरवी, आणि वयाच्या मानानं इतकी टवटवीत की येणारी-जाणारी माणसं गॅरेजच्या दारात थबकायची. गॅरेज ताईचं. गाडी मात्र ताईच्या दोन भावांची, थोरला दादा आणि धाकटा छोटू. छोटू साठीला टेकला होता, टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, तरी छोटूच. एकदा चिकटलेलं नाव कुठलं सुटायला!

लग्नं व्हायच्या आधी दोघांनी पगारातून पैसे साठवून ही गाडी जोडीनं घेतली होती. पुढे दोघंही फ्लॅटमध्ये राहायला गेले, ठमीला जागा उरली नाही, म्हणून ती बहिणीच्या दारी आली आणि तिथलीच झाली.

आता ती इतकी नीट कशी राहिली म्हणाल, तर त्यामागे माया वगैरे काही नव्हती. भांडण होतं. काही वर्षांपूर्वी आत्तेभावाच्या लग्नाला दोघं ठमीतून निघाले. कालव्याजवळ फाटा लागला. छोटू म्हणाला डावीकडे, दादानं गाडी डावीकडे घातली, आणि ठमी दारापर्यंत चिखलात! लग्न राहिलं बाजूला. दोघं नव्या कपड्यांत गुडघाभर गाळात उभे. "तू सांगितलंस डावीकडे! उजवीकडेच जायला हवं होतं!" "डोळे मिटून चालवत होतास का?" झालं. त्या दिवसापासून अबोला. छोटूच्या तोंडचा 'दादा' गेला आणि तिथं नुसता 'तो' आला.

मग वाटणी झाली. एक रविवार याचा, एक रविवार त्याचा. दादा यायचा, गाडीभोवती तीन चकरा मारायचा आणि म्हणायचा, "ताई, त्याला सांग, आरशावर बोटांचे डाग ठेवून गेलाय." पुढच्या रविवारी छोटू म्हणायचा, "ताई, त्याला सांग, डाग आरशावर नाहीत, त्याच्या चष्म्यावर आहेत." दुसऱ्याला बोलायला जागा मिळू नये म्हणून जो तो ठमीला असा घासायचा की जणू मुलगी दाखवायला न्यायचीय. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, तो सगळा लाभ ठमीला. ताईच्या वाट्याला नुसती निरोपांची हमाली.

तरीही ताईला ती हमाली हवी होती. नवरा गेलेला, मुलगी दूर नोकरीला. रविवारी दारात बुटांचा आवाज आला की तिचा आठवडा सुरू व्हायचा.

आणि एके दिवशी दादा म्हणाला, "ताई, त्याला सांग, विकून टाकू ही. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." छोटू म्हणाला, "त्याला सांग, मी कधीचा तयार आहे." दोघंही एका पायावर तयार! एवढं एकमत तर त्यांचं लहानपणीही कधी झालं नव्हतं. ताईनं मुकाट्यानं जाहिरात लिहिली. 'एकहाती वापरलेली' असं सगळे लिहितात. हिनं लिहिलं, 'दोन हातांनी वापरलेली, दोन्ही हात स्वच्छ'. लिहिता लिहिता तिला हसू आलं आणि मग लगेच पेन थांबलं. गाडी गेली की हे दोघं इथं कशाला येणार? आणि एकमेकांचं तर तोंडही बघणार नाहीत. दोघांमध्ये उरलंय काय, तर हे चार चाकांचं यंत्र, आणि तेच आपण विकतोय.

गिऱ्हाईक आलं ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंच्या रूपानं. चांगल्या भरभक्कम, हसऱ्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. गाडी दोघांच्या नावावर, सह्या दोघांच्या लागणार, म्हणून त्या दिवशी दोन्ही भाऊ हजर होते. एक बॉनेटपाशी, दुसरा डिकीपाशी. मध्ये अख्खी ठमी.

डॉक्टरबाईंनी सीटवर हात फिरवला, छप्पर उघडून बघितलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"छान आहे. आता तुम्ही दोघं बसा आणि दोन चकरा मारून या," त्या भावांना म्हणाल्या.

"आम्ही?" दादा म्हणाला. "अहो, चालवून तुम्ही बघायची."

"मी चालवीनच हो नंतर. पण एकदा घेतली की मला ती आतूनच दिसणार ना? जाताना कशी दिसते, कशी वाजते, ते आज बघून घेते. आणि आमचे हे माझ्याहून भारी आहेत. दोन वजनदार माणसं बसल्यावर ही मागून खाली टेकते का, तेही कळायला हवं." त्यांनी दोघांवरून नजर फिरवली. "तुम्ही अगदी आमच्याच मापाचे आहात."

ताईनं हसू दाबायला ओठ चावला. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, जणू हिनंच हे घडवून आणलंय. पण गिऱ्हाइकाला नाही कोण म्हणणार? दादा चालवायला बसला. छोटू हाशहुश करत शेजारी शिरला. खांद्याला खांदा घासला तसे दोघांनी आपापल्या बाजूला माना वळवल्या.

"ताई," छोटू म्हणाला, "त्याला सांग, हॅण्डब्रेक काढ."

"दादा, हॅण्डब्रेक काढ," ताई फुटपाथवरून म्हणाली.

"त्याला सांग, मला कळतं."

ठमी निघाली. निरोप पोचवायला आत तिसरी सीटच नव्हती.

पहिली चक्कर झोकात झाली. "वा! मागून काय देखणी दिसते!" डॉक्टरबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. दुसऱ्या चकरेला गाडी चौकातून वळली आणि आलीच नाही.

ताईनं चहा केला. चहा संपला. दादाला फोन लावला, तर तो खुर्चीवर टाकलेल्या त्याच्या कोटात वाजला. छोटूचा स्वयंपाकघरात वाजला.

"पळाले तर नाहीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"स्वतःचीच गाडी घेऊन कोण पळतं?" ताई म्हणाली खरी, पण तिची नजर चौकाकडेच होती. कुठं आदळले असतील का? की गाडी थांबवून एकमेकांच्या उरावर बसले असतील? आजवर मध्ये मी होते म्हणून निभावलं, आणि आज नेमकं दोघांना एकत्र बसवून पाठवलं. काय ही माझी अक्कल! ती चारदा फाटकापाशी जाऊन आली. दुसरा चहाही झाला.

मग आवाज आला. इंजिनचा नव्हे. छप्पर उघडं होतं ना, त्यामुळे चौकाच्या पलीकडूनच ऐकू आलं.

"तरी मी सांगत होतो, उजवीकडेही हाच राडा असणार!" दादा ओरडत होता.

"तू सांगत होतास? तू? इतकी वर्षं उजवीकडे, उजवीकडे म्हणून माझा जीव खाल्लास!"

"जीव कसा खाणार? बोलत होतो का मी तुझ्याशी?"

"ताईकरवी खाल्लास!"

ठमी दारात येऊन थांबली. हिरवी होती म्हणून ओळखायची, एरवी दारांपर्यंत चिखल, काचेवर चिखल, आत बसलेले दोघं भुवयांपर्यंत माखलेले. कालव्याजवळच्या त्या जुन्या फाट्यावरचा निकाल लावायला गेले होते पठ्ठे! या वेळी गाडी उजवीकडे घातली होती, आणि उजवीकडची वाटही सरळ कालव्यातच उतरत होती. दोघं मिळून ढकलत बाहेर आले होते.

ताईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. भांडत होते मेले, कानठळ्या बसेपर्यंत भांडत होते, पण एकमेकांशी! ती फाटकाला टेकून ऐकत राहिली.

"गाडी उत्तम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि घसे तर दोघांचेही ठणठणीत. पण आज काही मला ती मिळत नाही, असं दिसतंय."

"अशी मळकी कशी देणार तुम्हाला?" दादा कपाळावरचा चिखल पुसत म्हणाला. "आधी धुवायला हवी. खालून सगळी उघडायला हवी. पुढच्या रविवारी बघू."

"पुढचा रविवार माझा आहे," छोटू गुरगुरला.

"मग दोघं येऊ! तुला एकट्याला थोडीच जमणार आहे?"

डॉक्टरबाईंनी ताईकडे बघून डोळे मिचकावले आणि आपला चष्मा काढून पर्समध्ये ठेवून दिला. दादानं बागेतला पाइप ओढून आणला आणि पाण्याची धार धरली. ती सगळी बॉनेटवर. छोटूची बाजू कोरडीच.

"ताई," छोटू सवयीनं ओरडला, "त्याला सांग, पाइप इकडे दे म्हणावं!"

ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मलाच सांग की!" दादा म्हणाला. "बहिरा आहे का मी? हवं तर डॉक्टरबाई तपासतील, उभ्याच आहेत."

छोटूनं नाकावरचा चिखल बाहीनं पुसला.

"दादा," तो म्हणाला, "पाइप दे."