सुनंदाच्या नाकातली चमकी

अजून आठवलं की माझं डोकं भणभणतं. चमकी! गव्हाच्या दाण्याएवढं सोनं, आणि त्यापायी माझी सून मरायला टेकली होती.

सुनंदाला दिवस गेले, सहावा महिना लागला आणि तिच्या डाव्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं. बाळंत झाली तरी थांबेना. जो येई तो म्हणे, बठ्ठी उष्णता शे, सगळी उष्णताच. कांदा हुंगवला, दूर्वांचा रस घातला, टाळूवर पाणी थापलं. पोरगी पांढरीफटक पडली, पाळण्याला झोका देतानाही धापा टाकायची. शेवटी मीच पारोळ्याहून एसटीत घालून तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. सोबत माझा मुलगा छगन आणि आमचे मालक.

डॉक्टरांनी कपाळाला आरसा लावून नाकात पाहिलं. म्हणाले, "आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर नाही, घाबरू नका. मुळासकट काढू, बूड जाळून टाकू. पण आधी चमकी काढा. नाकपुडी ताणावी लागेल, आणि विजेच्या सुईजवळ धातू नको."

मालक ताडकन उठले. "सवाशिणीचं नाक उघडं? मना पोऱ्या जित्ता शे!"

"आबा, तिच्या अंगात रक्त निम्मंच उरलंय," डॉक्टर म्हणाले.

"चमकी ठेवून करा, नाहीतर चाललो आम्ही घरी."

आणि छगन? चोवीस वर्षांचा घोडा, फरशीकडे बघत उभा! ज्याच्या आयुष्याच्या नावानं हे चाललं होतं, तोच! तेवढ्यात सुनंदाच्या पदरावर पुन्हा टपटप रक्त पडलं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, चला घरी. माझ्यापायी भांडण नको."

मग माझं टाळकंच सरकलं. लग्नापासून बत्तीस वर्षं माझ्या नाकात असलेली चमकी मी तिथंच ओढून काढली. फिरकी घट्ट बसलेली, थोडं रक्त आलं. येऊ दे! चमकी मालकांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या! माझं नाक उघडं झालं. मेलात का तुम्ही? नाही ना? मग सोडा तिला!"

मालक चमकी मुठीत धरून मटकन बाकावर बसले. छगननं तेव्हा कुठे ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

गाठ निघाली, बोराएवढी. जखम भरेपर्यंत आम्ही सासू-सुना दोघी भुंड्या नाकानं गावभर हिंडलो. बायका दबकत विचारायच्या, "अक्का, मालक बरे आहेत ना?"

मी ओट्याकडे बोट दाखवायचे. "ते काय बसलेत, तिसरा कप चहा पिताहेत."