सरकारजमा: एका शब्दकोशाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. आपले घर कोणाला द्यायचे, हे माझ्या मालकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. तरीही ते घर बेवारस ठरले.

मालक बुकबाइंडर होते. मी त्यांना रद्दीत सापडलो तेव्हा मला पुठ्ठा नव्हता आणि पहिली आठ पाने उंदरांनी फस्त केली होती. त्यांनी मला उसवले, पुन्हा शिवले, पाठीला सरस लावला. त्यानंतर एकतीस वर्षे मी त्यांच्या फडताळात काढली.

शेजारीण वारली तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी त्यांनी घरी आणली. ती अंगाने बारीक आणि जिभेने टोचरी, म्हणून ते तिला 'सुई' म्हणत. ती त्यांना 'काका' म्हणे. रीतसर दत्तक घेणे राहून गेले. कोणी विचारलेच, तर काका म्हणत, "कागदाचं काय कौतुक सांगता? कागद मी रोज शिवतो."

माझ्यावरच ती इंग्रजी शिकली. काकांचे हात थरथरू लागल्यावर दुकानही तिनेच चालवले.

काका गेल्यावर तीन महिन्यांनी नोटीस आली. तिच्यात 'एस्चीट' असा शब्द होता. सुईने माझे दोनशे एक्क्याऐंशीवे पान उघडले. तेथे छापले आहे: वारस नसल्यामुळे मालमत्ता सरकारजमा होणे. मूळ लॅटिन, 'पडणे' या क्रियापदात. धनी मेला की जे वरच्याच्या पदरात पडते, ते. खाली आणखी एक ओळ आहे. अशी मालमत्ता गोळा करणाऱ्यांची इतकी अपकीर्ती झाली, की फसवणुकीचा 'चीट' हा शब्द याच शब्दातून निघाला.

त्या आठवड्यात तिने ते पान इतक्यांदा उघडले, की त्याचा कोपरा फाटला. कितीही वेळा पाहिले तरी आमचा अर्थ बदलत नाही. लोक याला आमची थोरवी म्हणतात. मला तेव्हा त्या थोरवीची लाज वाटली.

मग घरातील वस्तूंची यादी करायला एक सरकारी कारकून आले. फडताळ रिकामे करताना मागच्या रांगेतून हिरव्या कापडात बांधलेली एक वही निघाली.

"ताई, हे काय?"

सुईने वाचले. हे घर, अवजारे आणि शब्दकोश माझी मुलगी सुई हिला.

"मुलगी म्हणे!" ती हसता हसता रडू लागली. "जन्मात कधी तोंडातून निघालं नाही. नुसतं 'सुये, सरस ढवळ'!"

कारकुनांनी वही उलटसुलट पाहिली. "बांधणी झकास आहे हो. पण सही कुठंय?"

"असेल की शेवटच्या पानावर."

"नाही. साक्षीदारही नाहीत." त्यांनी वही काखेत घेतली. "साहेबांना दाखवतो, ताई. पण खोटी आशा लावत नाही."

साहेबांनी वही अमान्य केली. सुई एका पिशवीनिशी बाहेर पडली. यादीत माझा क्रमांक चौदावा असल्याने मला नेण्याची तिला परवानगी नव्हती. हल्ली मी एका सरकारी गोदामात आहे. येथे मला कोणी उघडत नाही.

मित्रांनो, ज्याला आपले म्हणता, त्याला तसे कागदावरही म्हणा आणि खाली सही करा.

सही का नव्हती, हे सुईने घर सोडताना कारकुनांना सांगितले. काकांच्या गुरूंचा एक दंडक होता: आपण बांधलेल्या पुस्तकात आपले नाव घालायचे नाही. काकांनी तो चाळीस वर्षे पाळला. मृत्युपत्र त्यांनी स्वतः बांधले होते, म्हणून त्यात नाव घातले नाही.