साडेसात इंचांवरची लेक

मी मास्तरांच्या गळ्यातली टेप बोलतेय. लांबी साठ इंच, रंग एके काळी पिवळा. जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते या शिवणकाम करणाऱ्या मास्तरांकडे. कमरेला वेढा घातला की माणसं हमखास पोट आत ओढतात. मास्तर श्वास सुटेपर्यंत थांबतात, मग आकडा लिहितात.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरी करते. एक दिवस तिचा फोन आला. "बाबा, खांद्यात गाठ आहे. गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन. मला आत न्यायच्या आधी तुम्ही दिसायला हवेत."

मास्तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटतात. विमान तर लांबच राहिलं. फोन ठेवून त्यांनी मला भिंतीवरच्या नकाशावर ताणलं. इथून तिथे साडेसात इंच.

"अर्धी बाहीसुद्धा याहून लांब असते," ते स्वतःलाच म्हणाले.

तिकीटवाल्याने मात्र डोळे उघडले. "काका, पाच हजार किलोमीटर आहे. दोन विमानं. हवेत सात तास, मधलं थांबणं धरून अकरा. बुधवारी सकाळी निघालात की संध्याकाळी पोचाल."

"मंगळवारचं द्या."

"अहो, एक दिवस उगाच कशाला?"

"शिलाईत दोन बोटं कापड जास्त ठेवावं लागतं. नेमकं कापलं तर अंगात जात नाही."

विमानतळावर तपासणीत मी गळ्यातच सापडले. घाईत काढून ठेवायचं राहूनच गेलं होतं. पहिल्या विमानात मास्तरांनी मला मुठीत असं आवळलं की माझे आकडे घामाने भिजले. मधल्या शहरात धुकं पडलं आणि दीड दिवस एकही विमान उडालं नाही. लोक कर्मचाऱ्यांवर खेकसत होते. मास्तर समोरच्यांच्या खांद्यांची मापं नजरेनेच घेत बसले. धुकं हटल्यावर आधी अडकलेल्यांना आधी सोडलं. बुधवारची माणसं मागेच राहिली.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही तिच्या खाटेशी होतो. लेक रडली, मग हसली. "बाबा, टेप कशाला आणलीत?"

मास्तरांना खोटं बोलता येत नाही, पण त्या दिवशी जमलं. "काही दिवस हात वर होणार नाही ना? पुढून बटणांचा सदरा शिवतो."

त्यांनी मला तिच्या खांद्यावर अलगद टेकवलं. तिचा श्वास सुटेपर्यंत ते थांबले. मग माप अचूक घेतलं. अशा माणसाच्या गळ्यात आयुष्य गेलं याचा मला अभिमान वाटतो.

गाठ साधी निघाली. सदरा नीट बसला. मास्तर परतले ते मला लेकीकडे ठेवूनच. तिने मला भिंतीवर चिकटवलंय, शून्य जमिनीशी. खांदा मोकळा व्हावा म्हणून रोज त्या हाताची बोटं भिंतीवरून वर सरकवते आणि फोनवर आकडा सांगते. एकेचाळीस. अठ्ठेचाळीस. काल तिची बोटं माझ्या टोकाच्याही वर गेली.

"बाबा, टेप पुरत नाही!"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "थांब, लांब टेप घेऊन येतो. मंगळवारचंच तिकीट काढतो."