सरांच्या भिंतीलगतचे उंदीर

देवश्रीची पीएचडी उंदरांनी बुडवायला घेतली होती, आणि तेही सुखी उंदरांनी.

दुःखी उंदरांबद्दल तिची तक्रार नव्हती. मागच्या खोलीत त्यांना रोज थोडा वेळ अरुंद नळीत कोंडायचं, की आला ताण. सततच्या ताणाने अ‍ॅड्रेनलिन हृदयावर येऊन आदळत राहतं. मग वर्गणीवाल्यांना वैतागून कडी लावणाऱ्या माणसासारख्या हृदयाच्या पेशी अ‍ॅड्रेनलिन पकडणारे आपले रिसेप्टर आत ओढून घेतात. या उंदरांचे रिसेप्टर अपेक्षेप्रमाणे कमी झाले होते. पण तुलनेसाठी पाळलेला कंट्रोल गट, ज्याला खाणं, झोपणं आणि मिशा पुसणं यापलीकडे उद्योग नव्हता, त्याचे रिसेप्टर त्याहूनही कमी! महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. नाहीतर मुदतवाढ, आणि मुदतवाढीच्या अर्जाला गाइडची सही.

गाइड म्हणजे भुजंगराव. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे मराठी, बोलण्यात अधूनमधून कानडी, माणूस विद्वान, आवाज मात्र मेटगळ्ळीच्या कारखान्याच्या भोंग्याला लाजवणारा. सध्या बोगादीला त्यांचं घर बांधून होत होतं, त्यामुळे ठेकेदाराला फोनवरून फाडून खाण्याचा कार्यक्रम केव्हाही सुरू व्हायचा. देवश्रीला त्यांची भीती वाटायची, आणि भीती वाटते याचा त्याहून जास्त राग यायचा.

त्या दिवशी पिंजरे धुताना तिला आठवलं. कंट्रोल गटातल्या एकाच तुकडीची हृदयं ठणठणीत निघाली होती. ती तुकडी वाढली तेव्हा सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. आणि कंट्रोल गटाच्या खोलीची भिंत सरांच्या केबिनला लागून होती. देवश्रीच्या हातातला ब्रश खाली पडला.

हे आता सांगायचं कुणी? वाघाला, तुमच्या तोंडाला वास येतो म्हणून? पण न सांगावं तर पाच वर्षं पाण्यात. मुदतवाढीचा अर्ज घेऊन ती केबिनमध्ये शिरली.

"सर, कंट्रोल गटावर ताण होता."

"एन ताण? कसला ताण?" भुजंगराव गरजले. "आरामात खातात, सुम्ने निवांत झोपतात. माझ्या जावयासारखे सुखात आहेत की गं ते!"

"नळीतले उंदीर सरावतात, सर. रोज तीच वेळ, तीच नळी. यांना मात्र कधी काय होईल कळत नाही." तिने डोळे मिटून घेतले. "भिंतीपलीकडे तुम्ही आहात."

मग तिने रजेतल्या तुकडीचं सांगितलं. आता आपलं काही खरं नाही, असं वाटत असतानाच ठेकेदाराचा फोन वाजला. भुजंगरावांनी फोन उचलला, तोंड उघडलं, भिंतीकडे पाहिलं, आणि कुणाच्या बारशाला आल्यासारखं हळूच म्हणाले, "टाइल्स उलट्या लावल्या का रे? असू दे, राजा. उद्या नीट करून दे." पलीकडच्या ठेकेदाराने घाबरून दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना सार?

फोन ठेवून ते देवश्रीकडे वळले.

"तू पण भितेस काय मला?"

"हो," देवश्री म्हणाली. सांगून टाकल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिचे डोळेच भरून आले.

भुजंगरावांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली. "पुन्हा कर प्रयोग. एक गट मागच्या शांत खोलीत, एक माझ्या भिंतीला. आवाज मोजायचं यंत्र आणून बसव. आधीचं पण लपवायचं नाही, जसं झालं तसं लिहायचं."

"हो सर. आणि पेपरमध्ये तुमचं नाव नेहमीसारखं शेवटी घालते."

"बेडम्मा, लेखकांत नको," भुजंगराव हळू आवाजात म्हणाले. "साधनसामग्रीत घाल. पिंजरे, नळ्या, आणि त्यांच्याखाली मी."